छोट्या चुकीच्या क्षणी तोंडून निघणारे उद्गार: 'अरेच्चा', 'अर्रर्र', 'हात्तिच्या' आणि इतर

उंबरठा (धागाकर्ती)

नोकरीनिमित्त बदली होऊन पुण्यात आलेल्या अमराठी मंडळींचा एक छोटा मराठी वर्ग मी आठवड्यातून दोन संध्याकाळी घेते. त्या वर्गातल्या एका मल्याळी विद्यार्थ्याच्या बाबतीत गेल्या महिन्यात जे घडले, त्यामुळे हा धागा काढावासा वाटला. कार्यालयात कोणी किल्ली विसरले, कोणाचा पेन खाली पडला, की आजूबाजूचे लोक 'अरेच्चा!' म्हणतात हे त्याने नीट टिपले होते. काहीतरी अनपेक्षित आणि नकोसे घडले की हा शब्द म्हणायचा, असा अर्थ त्याने मनाशी लावला होता. एके दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आपले वडील गेल्याचे सांगितले, तेव्हा हा मनापासून कळवळून म्हणाला, 'अरेच्चा!' समोरच्या माणसांचे चेहरे पाहूनच काहीतरी चुकल्याचे त्याच्या लक्षात आले. पुढच्या तासाला त्याने मला विचारले की तो शब्द तिथे का चालत नाही, आणि मला एका वाक्यात उत्तर देता आले नाही.

शाळेतल्या व्याकरणात शब्दांच्या आठ जाती शिकवतात आणि त्यांतली आठवी केवलप्रयोगी अव्ययाची. तिथे या शब्दांची वाटणी भावनेप्रमाणे केलेली असते: 'अरेरे' शोकदर्शक, 'अबब', 'बापरे', 'अरेच्चा' आश्चर्यदर्शक, 'छी', 'हुडुत' तिरस्कारदर्शक. परीक्षेपुरती ही वाटणी उपयोगी असेलही, पण ज्याला रोज मराठीत वावरायचे आहे त्याला तिचा आधार होत नाही. चहाचा कप कलंडून चार थेंब टेबलावर सांडले, तर तो शोकही नाही आणि आश्चर्यही नाही. ती फक्त एक बारीकशी चूक असते. दिवसातून दहा वेळा घडणाऱ्या या प्रकाराला व्याकरणाच्या त्या तक्त्यात रकानाच नाही.

मी माझ्यापुरते थोडे मांडून पाहिले आहे. आधी न कळलेली गोष्ट अचानक लक्षात आली की 'अरेच्चा'. नुकसान डोळ्यांदेखत होत असेल आणि हात पुढे करूनही ते थांबवता येत नसेल तर 'अर्रर्र'. नुकसान होऊन गेलेले असेल, बहुधा दुसऱ्याचे असेल आणि मोठे असेल तर 'अरेरे'. दूध उतू जाताना पाहून आपण 'अर्रर्र' म्हणत गॅसकडे धावतो. त्या वेळी 'अरेरे' म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही, कारण 'अरेरे' म्हणायला थोडी उसंत लागते. एखाद्याची वर्षभराची मेहनत वाया गेल्याचे ऐकले की मात्र आपण 'अरेरे'च म्हणतो. एका अक्षराच्या फरकाने चूक घडण्याच्या आतला शब्द आणि नंतरचा शब्द वेगळे होतात, हे मला शिकवायला बसेपर्यंत कधी जाणवले नव्हते.

आपापल्या घरी, गावी या प्रसंगांना कोणते शब्द ऐकले आहेत आणि त्यांच्या सीमा कुठे आहेत, हे सविस्तर लिहावे अशी सर्वांना विनंती आहे.

कोरांटी

'अरेच्चा'विषयी थोडी भर घालते. हा शब्द नुकसानाचा नाहीच, तो उलगड्याचा आहे. सगळे घर धुंडाळल्यावर चष्मा कपाळावरच सापडला, तरी आपण 'अरेच्चा, इथेच आहे की!' म्हणतो. तिथे काहीही बिघडलेले नसते. जुना मित्र अनपेक्षितपणे दारात उभा राहिला, तरी 'अरेच्चा, तू कधी आलास?' असेच म्हणतो. चुकीच्या वेळी हा शब्द येतो तो चुकीबद्दल वाईट वाटते म्हणून येत नाही, चूक आत्ता कळली म्हणून येतो. तुमच्या विद्यार्थ्याने मृत्यूची बातमी ऐकून 'अरेच्चा' म्हटले, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या कानावर दुःखाऐवजी एखादे कोडे सुटल्याचा सूर पडला असणार. त्याला ही एकच कसोटी सांगून पाहा: ज्या जागी 'माझ्या लक्षातच आले नव्हते' हे वाक्य शोभेल, त्या जागी 'अरेच्चा' शोभतो.

माजघर

यांतल्या बहुतेक उद्गारांत कोणाला तरी हाक मारलेली असते आणि तरीही ती कोणासाठी नसते, याचे मला नेहमी नवल वाटते. 'अरे देवा', 'बापरे', 'आई गं', 'अगंबाई' यांत देव, बाप, आई, बाई असे सगळे येऊन जातात. घरात एकटी असतानाही माझी आई डब्याचे झाकण हातातून निसटले की 'अगंबाई!' म्हणायची. ही बाई कोण, असे मी लहानपणी विचारले होते आणि ती 'मीच की' म्हणाली होती. ते उत्तर व्याकरणात बसते की नाही हे मला ठाऊक नाही, पण मला ते आजही पटते.

'अरे' पुरुषाला हाक मारण्याचा शब्द असूनही 'अरेच्चा' आणि 'अरे देवा' हे उद्गार बायकाही सर्रास काढतात. उलट 'अगंबाई' आणि 'अय्या' हे पुरुषाच्या तोंडी सहसा येत नाहीत. 'अय्या' तर आता माझ्या मुलींच्या तोंडूनही फारसा ऐकू येत नाही. अचंबा, लाज आणि थोडी कबुली या तिन्ही गोष्टी त्या दोन अक्षरांत एकत्र होत्या. तो शब्द मागे पडल्याचे मला मनापासून वाईट वाटते.

दगडी पाटा

धाग्याच्या शीर्षकात 'हात्तिच्या' आहे, म्हणून त्याविषयी लिहितो. 'हात्' हा झिडकारण्याचा ध्वनी आहे. मूल जमिनीवर आपटले की आजी जमिनीला चापट मारून 'हात् रे जमीन' म्हणते, तोच हा 'हात्'. पुढचे 'तिच्या' हे षष्ठीचे रूप एखाद्या नामाची वाट पाहत असते. ते नाम म्हणजे आई आणि त्यापुढचा भाग म्हणजे शिवी. सभ्य तोंडाने वाक्य तिथेच तोडले आणि उरलेले 'हात्तिच्या' पोराबाळांसमोर बोलता येण्याइतके निर्मळ झाले. 'च्यायला'चे बरोबर उलटे झाले आहे. त्यात सुरुवातीचे सर्वनाम गळाले आणि शेवटचे '-च्या आईला' तेवढे राहिले. एकाच जातीच्या वाक्याचे शेपूट तुटले तो शब्द सोज्वळ ठरला आणि डोके तुटले तो शब्द शिवीच्या उंबरठ्यावर राहिला, असे माझे मत आहे.

परक्या माणसाला शिकवताना हा फरक अवश्य सांगावा. 'च्यायला', 'आयला', 'च्यामारी' हे शब्द मित्रांच्या कट्ट्यावर इतक्या सहज येतात की नव्याने शिकणाऱ्याला ते निरुपद्रवी वाटतात. वडीलधाऱ्यांसमोर मात्र तेच शब्द जीभ चावायला लावतात.

आजच्या बोलण्यात 'हात्तिच्या' चुकीपेक्षा सुटकेसाठी अधिक येतो, हेही नोंदवायला हवे. मोठी भानगड झाली असे वाटत असताना ती क्षुल्लक निघाली की आपण 'हात्तिच्या, एवढेच होय!' म्हणतो. मोठी वाटलेली चूक लहान निघाल्याचे सांगणारा इतका नेमका शब्द मला दुसऱ्या कोणत्याही भाषेत सापडलेला नाही, अर्थात मला येतात त्या भाषांपुरतेच हे म्हणणे आहे.

सांजवात

मला यात एक वेगळीच बाजू महत्त्वाची वाटते. उद्गार तर क्षणात विरून जातो. त्याच्या पाठोपाठ जे क्रियापद येते, त्यावरून बोलणाऱ्याने चूक कितपत पदरात घेतली हे कळते. मराठीत फुटणे आणि फोडणे, पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे, फाटणे आणि फाडणे, सुटणे आणि सोडणे अशा जोड्या आहेत. जोडीतले पहिले क्रियापद कर्त्याला लपवते आणि दुसरे त्याला पुढे आणते. आपल्या हातून कपबशी निसटली की आपण 'अर्रर्र, फुटली!' म्हणतो. तीच मुलाच्या हातून निसटली की 'फोडलीस ना!' म्हणतो. मूलही भाषा अचूक शिकलेले असते. ते रडवेल्या आवाजात 'मी नाही फोडली, फुटली!' असे सांगते. पाच वर्षांच्या मुलाला अकर्मक आणि सकर्मक हे शब्द माहीत नसतात, पण न्यायनिवाडा या भेदावर अवलंबून आहे हे त्याला पक्के कळलेले असते.

स्वयंपाकघरात तर सगळ्याच गोष्टी आपोआप घडतात. दूध उतू जाते, पोळी करपते, आमटीत मीठ जास्त पडते, डबा घरीच राहतो. 'डबा घरीच राहिला' या वाक्यात विसरणारा माणूस कुठेच नाही. जणू डब्यालाच घरी राहावेसे वाटले! याला मी लबाडी म्हणणार नाही. ज्या चुकीमागे हेतू नव्हता तिचा कर्ता म्हणून स्वतःला उभे करणे आपल्या भाषेला अवघड वाटते, आणि मला ते न्याय्य वाटते.

यावर मराठीने काढलेला तोडगा फार सुंदर आहे. 'मी कप फोडला' हे आरोप मान्य केल्यासारखे होते आणि नुसते 'कप फुटला' म्हटले तर जबाबदारी झटकल्यासारखे होते. या दोहोंच्या मध्ये 'माझ्या हातून कप फुटला' हे वाक्य आहे. हात माझा होता हे त्यात कबूल केलेले असते आणि इच्छा माझी नव्हती हेही सांगितलेले असते. शिकणाऱ्याला उद्गारांच्या यादीआधी हे 'हातून' शिकवावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. त्याच ओळीतले दुसरे वाक्य 'माझे चुकले' हे आहे. 'मी चुकलो' यात माणूसच चुकीचा ठरतो, पण 'माझे चुकले' यात चूक वेगळी राहते आणि तिची मालकी तेवढी आपण घेतो.

उंबरठा

सांजवात, तुमचा प्रतिसाद वाचून काल वर्गात 'हातून' हाच धडा घेतला. एका ओडिया विद्यार्थिनीने विचारले की चांगल्या गोष्टीही 'हातून' होतात का. मी हो म्हणाले, कारण 'तुमच्या हातून मोठे काम झाले' असे आपण आदराने म्हणतो. अनवधानाने झालेली चूक आणि आदराने सांगितलेले यश यांना एकच विभक्ती मिळते, हे त्या प्रश्नामुळेच माझ्या लक्षात आले.

गावकूस

प्रदेशाप्रमाणे हे उद्गार पार बदलतात. आमच्या कोल्हापूरकडे काही घसरले, आदळले की 'आगायाया!' असा लांब सूर निघतो. त्यात 'अगं आई' आहे, पण ते शब्द आता सुटे करून कोणाला ऐकू येत नाहीत. नोकरीमुळे काही वर्षे विदर्भात काढली, तिथे 'अरे बाप्पा!' कानावर पडायचे. खानदेशातल्या शेजारीण 'माय वं माय!' म्हणायच्या. सोलापुरात कन्नड आणि तेलुगू शेजारामुळे 'अय्यो' मराठी घरांतही नांदतो. तळकोकणात मालवणी बोलणारा माणूस 'आवशीक खाव' म्हणतो. शब्दशः अर्थ लावला तर तो भयंकर आहे, पण तिथल्या माणसाच्या तोंडी तो चुकीला, कौतुकाला आणि मायेलाही चालतो. बहुतेक दिशांना चुकीच्या वेळी आईच आठवते, मग ती माय असो, आय असो की आवस असो.

एक विनंती मात्र आहे. प्रमाण मराठीतले 'अरेच्चा' आणि 'अगंबाई' हेच काय ते खरे आणि बाकीचे गावंढळ, असे वर्गात चुकूनही सुचवले जाऊ नये. माझ्या लहानपणी शाळेत 'आगायाया' म्हटल्याबद्दल मला बाकावर उभे केले होते. तो राग मी अजून विसरलेलो नाही, कारण त्या दिवशी माझे बोट दारात चेमटले होते.

निरंजन दिवा

शब्दांबरोबर एका ध्वनीची नोंद व्हायला हवी. जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकवून झटक्याने सोडले की जो आवाज येतो, तो आपण 'च्च' असा लिहितो, पण तो 'च' मुळीच नाही. तो श्वास बाहेर सोडून काढायचा ध्वनी नसून तोंडातली हवा आत ओढून काढायचा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा आणि झुलू या भाषांत असे ध्वनी शब्दांमधली व्यंजने म्हणून येतात. मराठीत तो एकही शब्द घडवत नाही, पण त्याच्यावाचून आपला दिवस जात नाही. एकदाच काढला तर तो वैताग असतो: सुईत दोरा जात नाही, टाका चुकला. मान किंचित वर करून एकदाच काढला तर तो नकार होतो. सलग तीन-चार वेळा काढला की हळहळ होते आणि त्याच हळहळीला आपण चुकचुकणे म्हणतो. हे क्रियापद 'चूक' या नामापासून आलेले नाही, ते आवाजाचे अनुकरण आहे. पाल चुकचुकली की जमिनीवर बोटे वाजवून 'कृष्ण कृष्ण' म्हणायची आमच्या घरी पद्धत होती.

नव्याने भाषा शिकणाऱ्याला हा ध्वनी सर्वांत जपून वापरायला सांगावे, असे मला वाटते. दुसऱ्याच्या चुकीवर एकदाच काढलेला 'च्च' ऐकणाऱ्याला फार लागतो. दोन कठोर शब्द परवडले, पण तो नको.

कोरांटी

निरंजन दिवा यांच्याशी सहमत आहे. माझ्या एका शिक्षिकेचा 'च्च' मला चाळीस वर्षांनंतरही ऐकू येतो.

खतावणी

आता सगळीकडे 'सॉरी'च ऐकू येते, याबद्दल तक्रारीच्या सुरात बोलले जाते. मला ती तक्रार अर्धीच पटते. 'क्षमा करा' आणि 'माफ करा' हे शब्द छोट्या चुकीला फार जड होतात. गर्दीत कोणाला धक्का लागला म्हणून क्षमा मागितली, तर समोरचाच अवघडून जाईल. त्या रिकाम्या जागेत 'सॉरी' येऊन बसले आणि मराठीने त्याला 'हं' जोडून आपले करून घेतले. 'सॉरी हं' यातला 'हं' नसेल तर ते कोरडे वाटते. पाय लागला तर मात्र अजूनही अनेकजण काहीच न बोलता वाकून त्या माणसाला हात लावतात आणि तो हात आपल्या छातीला किंवा कपाळाला टेकवतात. पुस्तकाला पाय लागला तरी तेच करतात. तिथे उद्गाराचे काम हात करतो आणि ते कोणत्याही शब्दापेक्षा चोख होते.

लेखी व्यवहारातला आपला जुना उद्गार म्हणजे हिशेबाच्या तळाशी लिहिलेले 'चूक भूल देणे घेणे'. माझे आजोबा किराणा दुकानाच्या प्रत्येक बिलाखाली ते लिहीत. त्यात नुसती दिलगिरी नाही, चूक निघाली तर ती कोणाच्याही बाजूची असो, भरून देण्याची आणि भरून घेण्याची तयारी आहे. त्याचेच 'चूभूद्याघ्या' होऊन ते आज संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांच्या बोटांत बसले आहे. प्रतिसादाखाली ते लिहिताना त्यामागचा हा खुला हिशेब लक्षात असावा, असे मला वाटते.

माजघर

काही चुकांना उद्गार काढायचीच मनाई असे, हे राहून गेले. बांगडी पिचली तर 'फुटली' म्हणायचे नाही, 'वाढवली' म्हणायचे. मंगळसूत्र तुटले तरी ते 'वाढवले'. देवापुढचा नारळसुद्धा फोडत नाहीत, वाढवतात. माझ्या तोंडून एकदा आजीसमोर 'अर्रर्र, बांगडी फुटली' असे निघून गेले. तिने माझ्या तोंडावर हळूच हात ठेवला, 'वाढवली म्हण' म्हणाली, आणि मग माझा हात उलटा करून काच रुतली तर नाही ना हे पाहिले.

उंबरठा

वर्गातून आलेला आणखी एक प्रश्न इथे ठेवते. त्या मल्याळी विद्यार्थ्याने विचारले, की चूक करणाऱ्याने काय म्हणावे हे आता कळले, पण ज्याच्यासमोर चूक घडली त्याने काय म्हणायचे असते? मी 'असू द्या' असे उत्तर दिले खरे, पण ते फार त्रोटक वाटले. यावर कोणी लिहील का?

सांजवात

'असू दे' किंवा 'असू द्या' हाच या सगळ्या उद्गारांचा दुसरा अर्धा भाग आहे आणि मला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. 'अर्रर्र' ऐकल्यावर समोरून काहीच आले नाही, तर चूक करणारा माणूस ते पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. आमच्या गावातल्या लग्नांत पंगती असायच्या तेव्हा वाढणारी मुले तेरा-चौदा वर्षांची असत आणि आमटीची बादली त्यांच्या हाताला जड जाई. एकदा माझ्याच हातातल्या पळीतून गरम आमटी एका वयस्कर पाहुण्याच्या पांढऱ्या धोतरावर गेली. माझ्या तोंडून 'अर्रर्र' सुद्धा पूर्ण निघाले नाही. ते गृहस्थ पटकन म्हणाले, 'असू दे, असू दे, धुतले की जाते.' एकदा म्हणून भागले असते, पण त्यांनी दोनदा म्हटले. विद्यार्थ्याला ते दोनदाच शिकवा, कारण एकदाच म्हटलेल्या 'असू दे'मध्ये थोडा राग शिल्लक राहिल्याचा भास होतो. त्यानंतर त्यांनी पान थोडे पुढे सरकवले आणि म्हणाले, 'आता वाढ की, भात कोरडाच राहिलाय.'